नवा ट्रॅक नको, जुनी पांदण मोकळी करा

गेल्या हिवाळ्यापासून आमच्या तालुक्यात एका सायकल ट्रॅकवरून वाद पेटला आहे. गावच्या मामा, म्हणजे माजी मालगुजारी, तलावाच्या पाळीवरून निघायचे, नहराच्या काठाने नदीपर्यंत जायचे आणि नदीकाठच्या गवताळ पट्ट्यातून वळसा घेऊन परत यायचे, असा तो मार्ग. कागदावर तो सिमेंटचा आहे. दोन्ही बाजूंना रंगीत पेव्हर ब्लॉक, ठरावीक अंतरावर दिव्यांचे खांब आणि पाळीच्या मधोमध सेल्फी पॉइंट. ग्रामसभेत एक गट म्हणाला, पर्यटक येतील, पोरांना काम मिळेल, लवकर करा. दुसरा म्हणाला, इथे धानाला भाव नाही आणि तुम्हाला सायकल फिरवायची हौस सुचते? तिसरा गट पक्षी मोजणाऱ्यांचा. त्यांचे म्हणणे, माणसाचा पायच तिकडे पडू नये. तिघेही मनापासून बोलतात, म्हणून तर या वादाचे जास्त वाईट वाटते. कारण तिघांनीही एक गोष्ट न तपासता खरी मानली आहे: रमतगमत सायकल चालवणे ही बाहेरून आणायची चैन आहे आणि तिच्यासाठी काहीतरी नवे बांधावे लागते.

नवे काही बांधावे लागत नाही, हेच मला सांगायचे आहे. रस्ता इथे पिढ्यान्‌पिढ्या आहे. तलावाची पाळ आहे, नहराची पाळ आहे, दोन गावांना जोडणारी पांदण आहे, नदीकाठची ढोरवाट आहे. तो रस्ता अतिक्रमणातून सोडवा, त्यावर मुरूम टाकून दाबा, कडेची झाडे आणि गवत राहू द्या, रात्री त्याला अंधारात राहू द्या. त्याच रस्त्याने बैलबंडी जाईल, शाळेची पोरगी जाईल आणि रविवारी नागपूरहून आलेला पाहुणाही जाईल. सायकलवाल्यासाठी वेगळा रस्ता मागणे म्हणजे या तिघांना एकमेकांपासून तोडणे. मला ते नको आहे.

दिवाळी उलटली की आमच्याकडे सकाळी सहाला बांध्यांवर, म्हणजे धानाच्या शेतांवर, धुके बसलेले असते. हलका धान कापून झालेला, भारी धान अजून उभा. पाळीचा चढ लागला की उतरून सायकल ढकलावी लागते, आणि वर पोचल्यावर एका हाताला पाणी, दुसऱ्या हाताला खाली उतरत गेलेल्या बांध्या. कमळाच्या पानांवरून कमळपक्षी चालत असतो. त्याची बोटे एवढी लांब पसरलेली की पान वाकते, बुडत नाही. पुढे अडईंचा थवा शीळ घालत उठतो आणि तलावाला एक चक्कर मारून पुन्हा जवळपास तिथेच बसतो. सलंगाशी, जिथून तलावाचे जादा पाणी बाहेर पडते तिथे, ढिवर डोंग्यातून जाळे ओढत असतात. मोटारसायकलवर यातले काही दिसत नाही, आपल्याच इंजिनाखाली शीळ बुडून जाते. पायी गेलो तर एका तलावाच्या पुढे जाणे होत नाही. सायकलवर तासाभरात तीन तलाव आणि त्यांच्यामधली शेते होतात. ओळखीच्या माणसाला ‘काय जी, निघाले का?’ असे विचारावे आणि त्याचे उत्तर पूर्ण ऐकू यावे, एवढाच तो वेग. हे सगळे मी फुकट पाहतो, गावातला कोणीही फुकट पाहू शकतो. तिथे काही उभारून मगच ते पाहण्याजोगे होईल, हे मला पटत नाही.

आता आक्षेपांकडे येतो. सगळ्यांत जड आक्षेप ‘धानाला भाव नाही’ हाच आहे, आणि तो करणाऱ्याला मी हलक्यात घेणार नाही. ज्या घरातला कर्ता माणूस कर्जापायी गेला, त्या घरासमोरून कोणी हेल्मेट-गॉगल घालून मजेत सायकल हाकत गेला, तर त्या घराला काय वाटावे? हा प्रश्न विचारण्याचा अधिकार विदर्भाला आहे. पण हा आक्षेप सायकलला श्रीमंताची समजतो, तिथे तो चुकतो. मानव विकास कार्यक्रमात मागास तालुक्यांतल्या आठवी ते बारावीच्या गरजू मुलींना शाळेत जायला सायकली मिळतात. आमच्या रस्त्यावर सकाळी दहाच्या आत ज्या सायकली दिसतात, त्यांतल्या निम्म्याहून जास्त या मुलींच्या. तमिळनाडूच्या पुदुक्कोट्टई जिल्ह्यात १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला साक्षरता मोहिमेबरोबर हजारो बायका सायकल शिकल्या. खाणीत दगड फोडणाऱ्या, शेतमजुरी करणाऱ्या बायका. सायकल शिकल्यावर त्या फक्त कामालाच गेल्या असतील, संध्याकाळी मैत्रिणीला डबल सीट बसवून उगाच एक फेरी मारली नसेल, असे कोण म्हणेल? मारली असेल तर ती चैन होती का?

हाच आक्षेप आणखी एक गोष्ट गृहीत धरतो आणि ती मला जास्त खुपते: गरिबाला काम हवे, फुरसत नको. सेवाग्राम आमच्या विदर्भात आहे आणि दीक्षाभूमीही आमच्याच विदर्भात. या दोन जागांमध्ये जो मोठा वाद झाला, त्यातला एक मुद्दा नेमका हाच होता. बाबासाहेबांनी १९४५ साली गांधीविचारावर टीका करताना मांडले की माणसाला जनावरापासून वेगळे करते ती संस्कृती, संस्कृतीला फुरसत लागते, आणि लोकशाही समाजाने फुरसतीचे, संस्कृतीचे जीवन प्रत्येक नागरिकाला मिळेल याची हमी दिली पाहिजे. प्रत्येक नागरिकाला. धान रोवून कंबर मोडलेल्या बाईलाही. तेव्हा शेतकरी अडचणीत आहे म्हणून गावात आनंदाची कोणतीच जागा नको, हे शेतकऱ्याच्या बाजूचे बोलणे वाटत असले तरी त्यात त्याचेच नुकसान आहे. भाव मिळालाच पाहिजे. भाव मिळेपर्यंत त्याच्या पोरीने तलाव पाहू नये, असा त्याचा अर्थ होत नाही.

आणि रस्त्याचाच हिशेब मांडायचा तर शेतकरी आणि सायकलवाला यांचे दुखणे एकच आहे. तलाठ्याकडे जाऊन गाव नकाशा उघडून पाहा. दुहेरी तुटक रेषा दिसेल तो गाडीमार्ग, साडेसोळा ते एकवीस फूट रुंदीचा. एकेरी तुटक रेषा म्हणजे पायमार्ग, सव्वाआठ फुटांचा. आता नकाशा घडी घालून प्रत्यक्ष पांदणीवर चला. दोन्हीकडच्या शेतांचे धुरे, म्हणजे बांध, दर पावसाळ्याआधी फावड्या-फावड्याने आत सरकत आलेले असतात. बंडी जेमतेम जाते, ट्रॅक्टर अडतो, हार्वेस्टर तर फाट्यावरच उभा राहतो आणि मग धान डोक्यावर वाहून काढावा लागतो. पावसाळ्यात पिंढरीपर्यंत चिखल. कायदा नाही असे नाही. मामलेदार न्यायालय अधिनियम १९०६ चा आहे, त्याच्या कलम ५ खाली तहसीलदार रस्त्यातला अडथळा दूर करायला लावू शकतो. जमीन महसूल संहितेचे कलम १४३ बांधावरून वाट देते. शासनाने २०२१ मध्ये शेत-पाणंद रस्त्यांसाठी वेगळी योजनाही आणली. तरी पांदण बंदच राहते, कारण ती मागणारा शेतकरी एकटा असतो आणि अडवणारा त्याचा शेजारी, बहुतेक वेळा भाऊबंद. त्याच रस्त्यावर शाळेच्या मुली, गावातली जाणती माणसे आणि बाहेरून येणारे चार लोक रोज दिसू लागले तर मागणारा एकटा राहणार नाही. ‘आधी शेतकऱ्याचे पाहा’ म्हणणाऱ्यांनी म्हणूनच पांदणीच्या बाजूला यावे. सायकलवाला त्यांच्या मागे उभा राहील.

विकासवाल्यांचा मुद्दा रोजगाराचा आहे आणि तो खरा आहे. आमची पोरे पुण्याला, हैदराबादला जातात, परत येत नाहीत. येणाऱ्या माणसाला पाणी लागते, बायकांना स्वच्छ संडास लागतो, पंक्चर काढणारा लागतो. सराट्याच्या दिवसांत तर दर दोन मैलांवर लागतो. या सोयी कराव्यात, गावातल्याच घरांनी कराव्यात, त्यातून दोन पैसे मिळावेत. पण सिमेंट कशासाठी? नदीकाठी एका गावात मी असा पट्टा पाहिला आहे. एक म्हातारे शेतकरी बैलजोडी घेऊन त्याच्या कडेच्या मातीतून चालले होते, बंडीचे एक चाक खाली, एक वर. मी विचारले, मधून काहून नाही नेत? ते म्हणाले, “बैलाच्या खुराले लागते भाऊ, अन् दव पडला का पाय सरकते त्याचा.” ज्या रस्त्यावर गावचा बैल चालू शकत नाही तो गावाचा रस्ता नाही. शिवाय आमचा उन्हाळा आठवा. चंद्रपूर, ब्रह्मपुरीची नावे देशातल्या सगळ्यांत तप्त गावांच्या यादीत दर वर्षी येतात. तिथे झाडे काढून ओतलेले सिमेंट दिवसभर तापते आणि रात्रीही निवत नाही. मुरूम पाणी पिऊ देतो, फुटला तर गावचाच माणूस एक ट्रॉली टाकून सारखा करतो. सिमेंटला तडा गेला की निविदा.

सिमेंटशिवाय पर्यटक येत नाहीत, या समजुतीला उत्तर म्हणून अमेरिकेतले उदाहरण देतो. विस्कॉन्सिन राज्यात एल्रॉय ते स्पार्टा ही रेल्वेलाइन बंद पडली. राज्याने १९६५ साली ती जागा विकत घेतली आणि दोन वर्षांनी तिथे ३२ मैलांचा सायकलमार्ग खुला केला. वाटेत जुने तीन बोगदे आहेत, ते तसेच ठेवले. आणि त्यावर टाकले काय? चुनखडीची बारीक चुरी, दाबून. त्या देशाला सिमेंट परवडत नव्हते का? लोक साठ वर्षे त्या चुरीवरून सायकली चालवत आहेत. (हे वाचून कोणी आमच्या बंद पडलेल्या शकुंतला रेल्वेचे रूळ या कामासाठी मागू नयेत. मूर्तिजापूर, यवतमाळ, अचलपूरच्या लोकांना त्यांची गाडी परत हवी आहे आणि त्यांचा हक्क आधीचा आहे.)

दिव्यांचा प्रश्न मात्र नाजूक आहे, कारण बायकांच्या सुरक्षिततेचे नाव घेऊन तो मांडला जातो आणि ती चिंता खोटी नाही. माझ्या घरातल्या मुलींना मी अंधारात पाळीवरून एकटे जाऊ देणार नाही. पण पाळीवर खांब लावल्याने त्या जातील का? जिथे माणूस नाही तिथे दिवा असून धीर येत नाही. दिवे गावात लावा, फाट्यावर लावा, बसथांब्यावर लावा, शाळेच्या वाटेवर घरे संपेपर्यंत लावा. तिथे ते खरोखर हवे आहेत आणि तिथेच ते महिनोन्‌महिने बंद असतात. तलाव रात्री पाखरांचा, माशांचा आणि जाळे टाकणाऱ्या ढिवरांचा आहे.

आता पक्षीमित्र. मी मनाने त्यांच्याच बाजूचा आहे, म्हणून त्यांच्याशी वाद घालताना जड जाते. महाराष्ट्रात सारस आता गोंदिया आणि लगतच्या भागापुरताच उरला आहे, हाताच्या बोटांवर मोजायची वेळ फार दूर नाही. उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ मध्ये त्याच्यासाठी स्वतःहून दखल घेतली. अकोला-वाशीमच्या गवतात तणमोर पावसाळ्यात येतो, नर गवतावरून उसळ्या मारतो आणि गाड्या सतत जवळ आल्या तर जागा सोडतो. अशा ठिकाणी पावसाळाभर वाट बंद ठेवा, मी स्वतः फाटकाशी उभा राहीन. तलावाच्या ज्या अंगाला घरटी होतात तिथून वाट नेऊच नका, पाळीच्या बाहेरच्या उताराने न्या. चारचाकीला कुठेही वाव ठेवू नका.

पण माणसाला पूर्णच बाहेर ठेवायचे म्हणता, तर सारस कुठे घरटे करतो ते आठवा. पावसाळ्यात, भरल्या धानाच्या बांधीत, कोणाच्या तरी सात-बाऱ्यावर. शेतकऱ्याने तेवढा तुकडा राहू दिला, अंडी उचलली नाहीत, म्हणून तो टिकला. कुंपणाने तो वाचलेला नाही. आणि गवताचे तर याहून वाईट आहे, कारण गवताला कोणी ओळखतच नाही. कारंजा-सोहोळचे काळवीट अभयारण्य २००० साली झाले, सुमारे अठरा चौरस किलोमीटरचे. त्याच्याबाहेरचे माळरान कागदावर ‘पडीक’. इंग्रजांच्या महसुलात जी जमीन पैसा देत नव्हती ती पडीक ठरली आणि तो शब्द आपण जपून ठेवला. मग वृक्षलागवडीचे लक्ष्य आले की खड्डे तिथेच, सौर पॅनेल आले की तिथेच, प्लॉट पाडायचे तरी तिथेच. पवन्या, मारवेल, कुसळी ही नावे आजोबाला माहीत होती, कोणते गवत कधी कापले तर जनावर आवडीने खाते तेही माहीत होते. आज ‘पडीक’ हा शब्द ऐकून ज्याच्या डोळ्यांसमोर काहीच येत नाही, तो त्या जमिनीसाठी कलेक्टर ऑफिसवर कशाला जाईल?

इलिनॉय राज्यात हे घडून गेले आहे. त्या राज्याला ‘प्रेअरी स्टेट’ म्हणतात, म्हणजे गवताळ मैदानांचे राज्य. एके काळी तिथे दोन कोटी एकरांहून जास्त प्रेअरी होती. नांगर फिरला आणि चांगल्या अवस्थेतली प्रेअरी दहा हजारांत एक हिस्साही उरली नाही. उरली ती कुठे? जुन्या दफनभूमींत आणि रेल्वेच्या दोन्ही कडांना, जिथे नांगर पोचला नव्हता. १९६३ साली मे थिलगार्ड वॉट्स या निसर्गअभ्यासक बाईंनी शिकागोच्या वर्तमानपत्राला पत्र लिहिले की बंद पडलेल्या रेल्वेची ही पट्टी विकली जाण्याआधी लोकांच्या चालण्यासाठी राखून ठेवा. त्या पत्रातून इलिनॉय प्रेअरी पाथ उभा राहिला, आज तो साठ मैलांच्या आसपास आहे. त्यावरून सायकली जातात आणि कडेला काही ठिकाणी ते मूळचे गवतही आहे. लोकांना वाट मिळाली, म्हणून पट्टी विकली गेली नाही. आमच्याकडे नांगर न पोचलेली जागा कोणती? धुरे, गायरान, स्मशान आणि पांदणीच्या दोन्ही कडा. एकवीस फुटांची पांदण सात फुटांची झाली तेव्हा चौदा फूट रस्त्याबरोबर चौदा फूट गवतही गेले, लाव्यांची आणि मुंगसाची जागा गेली, बोरी-बाभळी गेल्या. पक्षीमित्रांनी पांदणीचा लढा आपला मानावा, असे मी म्हणतो ते यासाठी.

मालगुजारी तलावांचा इतिहासही याच बाजूने साक्ष देतो. गोंड राजांच्या काळापासून कोहळी समाजाने भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोलीच्या भागात हजारो तलाव बांधले. उताराला पाळ, पाळीत शेताला पाणी सोडायचा तुडूम, जादा पाण्याला सलंग. पाळ फुटली की गाव धावत होते, गाळ काढायचा तर गाव उतरत होते. १९५१ मध्ये मालगुजारी गेली. ती जायलाच हवी होती, कुळांच्या मानेवर बसलेली व्यवस्था होती ती. पण तलाव सरकारजमा होताना गावाचा हातही त्यावरून सुटला. मागे उरले गाळाने उथळ झालेले पाणी आणि काठाने माजलेले बेशरम या झुडपाचे रान. ढिवरांच्या संस्थांनी आणि काही गावांतल्या बायकांनी अलीकडे बेशरम उपटून, देशी पाणवनस्पती लावून तलाव पुन्हा जिवंत केले, तेही हाताने. ठेकेदाराने बांधलेला, उद्‌घाटनाची पाटी असलेला ट्रॅक कोणाचा असेल? पहिला खड्डा पडेल तेव्हा फावडे घेऊन कोण निघेल?

डिसेंबरात आम्ही तिघे गाव नकाशाची प्रत आणि शंभर फुटी टेप घेऊन तलावापासून शेजारच्या गावापर्यंतची पांदण मोजत गेलो. कुठे अकरा फूट भरली, कुठे सात. एका बांधीशी ती संपलीच, पुढे धानाच्या धसकटांत लाखोळीचे हिरवे पीक उगवलेले. बांधीचे मालक समोरून आले. वय सत्तरीच्या पुढे, हातात काठी. त्यांनी नकाशा हातात घेतला, उलटा-सुलटा केला, तलाव कुठला आणि देऊळ कुठले ते विचारून घेतले आणि बराच वेळ त्या दुहेरी तुटक रेषेवर बोट ठेवून उभे राहिले.

“रेष त आहे जी,” ते म्हणाले. मग स्वतःच सांगू लागले की त्यांची नात नववीत आहे, यंदा सायकल मिळाली, पण शाळेला डांबरी रस्त्याने जाते. त्या रस्त्याने दिवसभर रेतीचे टिप्पर धावतात. इथून गेली तर शाळा निम्म्यावर. आम्ही काही बोललो नाही. त्यांनी टेपचे टोक मागितले, धुऱ्यावर दगडाखाली दाबले आणि आम्हाला म्हणाले, तिकडून ओढा. टेप लाखोळीवरून ताणली. साडेसोळा फुटांवर त्यांनी काठी रोवली आणि मागे वळून आपली बांधी किती उरते ते पाहिले.

“लाखोळी निघू द्या,” ते म्हणाले, “मंग बोलू.”

लाखोळी फेब्रुवारीत निघते.